पाटवडी साडेचारशेला कोण खाणार बाप्पा? नागपूरच्या एका बुटिक हॉटेलची केस

हॉटेलचं नाव सांगत नाही, मालकाला शब्द दिलाय. सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जुना बंगला वाढवून केलेलं २२ खोल्यांचं हॉटेल, मागच्या अंगणात आंब्याची दोन झाडं, खाली ४४ जण बसतील एवढं रेस्टॉरंट. २०२३ च्या दिवाळीच्या जरा आधी उघडलं आणि मला फोन आला २०२४ च्या फेब्रुवारीत. माझं काम मेनू आणि कॉस्टिंग बघायचं, चौदा वर्षं बाहेरच्या हॉटेलांत काढून परत नागपुरातल्या महाल भागातल्या घरी आलोय, त्यामुळे असे फोन येतात. मालक म्हणाले, "भाऊ, डिसेंबरमध्ये बसायला जागा नव्हती आणि आता वेटर एकमेकांना वाढून राहिले, नेमकं झालं काय ते येऊन बघा."

झालं काय तर डिसेंबरने फसवलं. त्या वर्षी हिवाळी अधिवेशन ७ ते २० डिसेंबर होतं आणि अधिवेशनात नागपुरात कुठलंही हॉटेल भरते, तुम्ही उकडलेले आलू दिले तरी भरते. आमदार, त्यांचे पीए, मोर्चे घेऊन आलेल्या संघटनांचे पदाधिकारी, मुंबईचे पत्रकार, सगळ्यांना रात्री दहाला कुठेतरी जेवायचंच असते. त्या दोन आठवड्यांच्या बिलांवरून मालकांनी ठरवून टाकलं की कन्सेप्ट चालला. कन्सेप्ट म्हणजे 'निवांत फाइन डायनिंग, मातीतलं जेवण'. टेबलावर पांढरी चादर नाही, बूट-कोटाची सक्ती नाही, संगीत हळू, पण ताटातलं काम मात्र बारीक आणि माल सगळा विदर्भातला. कल्पना वाईट नव्हतीच, मला तर आवडली होती.

शेफ पुण्याहून आणलेला, तिशीतला, हाताने खरंच चांगला. त्याचा पहिला मेनू ३४ पदार्थांचा. तर्री पोहे ग्लासात थर लावून, सावजी मटणाचे टॅको, पाटवडीचे चार चौकोन आणि बाजूला रश्शाचे तीन थेंब, वर संत्र्याचं जेल. पाटवडीची किंमत ४५०. मी पहिल्या रात्री नुसता एका कोपऱ्यात बसून बघत होतो तर धरमपेठेतले एक सत्तरीचे काका कुटुंब घेऊन आले होते, त्यांनी पाटवडी मागवली, खाल्ली, मग वाढणाऱ्या पोराला जवळ बोलावलं आणि अगदी मायेने विचारलं, "बेटा, वडी चांगली झाली, पण रस्सा कुठे आहे?" पोरगा म्हणाला सर तो प्लेटवर आहे. काकांनी चष्मा पुसून पुन्हा प्लेट बघितली.

पूर्ण केस त्या एका प्रश्नात होती, पण मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटलं पोर्शनचा इश्यू आहे. रस्सा वाढवा, वाटीत द्या, झालं. तेवढं आम्ही दुसऱ्याच दिवशी केलं आणि फरक शून्य पडला.

मग मी तीन आठवड्यांच्या केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, टेबलावर पसरून बसलो, हे काम कोणाला आवडत नाही पण सगळं तिथेच सापडते. दोन ढीग केले, खोलीत राहणारे पाहुणे आणि बाहेरून जेवायला आलेले नागपूरकर. पाहुणे, म्हणजे पेंच नाहीतर ताडोबाला जाताना एक रात्र थांबणारे किंवा डॉक्टर लोकांच्या कॉन्फरन्सवाले, ते हौसेने विदर्भाचा मेनू मागवत होते. आणि नागपूरकर? बटर चिकन, पास्ता, चीज नान. म्हणजे ज्याला पाटवडी कळते तोच पाटवडी घेत नव्हता. आणि शहरातलं रेस्टॉरंट उभं राहते ते परत येणाऱ्या शहरातल्या माणसावर, वाघ बघायला आलेला माणूस परत पाच वर्षांनी येईल, तेही वाघ दिसला नसेल तर.

उत्तर मला हॉटेलात नाही, घरी मिळालं. मावशीला सहज विचारलं की तू साडेचारशे देऊन पाटवडी खाशील का. ती म्हणाली, "वेडा झाला का, पाटवडी तर कालच केली मी घरी, चून (बेसन) घोटायला वेळ किती लागतो?" मग कशाला पैसे देशील? थोडं थांबून म्हणाली, "लांब रोटी. तुझी आजी गेल्यापासून घरात झाली नाही. आणि वडाभात, पण नीट केलेला, चार डाळी भिजवून भरड वाटून, वरून हिंगाची फोडणी. आता कोण करते?"

दुसऱ्या दिवशी शेफला घेऊन बसलो आणि एका कागदावर दोन रकाने पाडले: घरी होते, घरी होत नाही. पोहे, पाटवडी, साधं वरण, वांग्याचं भरीत, झुणका हे सगळं पहिल्या रकान्यात गेलं. दुसऱ्यात लांब रोटी, वडाभात, कोहळ्याची बाकरभाजी, सांभारवडी (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर), पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची उसळ कारण दाणे सोलत बसायला वेळ कोणाजवळ आहे, ढिवरांकडचा तळ्यातला मासा, पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. शेफचा चेहरा उतरला, कारण त्याची सगळी कलाकारी पहिल्या रकान्यातल्या पदार्थांवर होती. रोजचं जेवण घ्यायचं आणि त्याला नटवायचं. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं की नागपूरचा माणूस नटण्याचे पैसे देत नाही, खटाटोपाचे देतो. जे करायला त्याच्या घरात आता हात उरले नाहीत, त्याचे पैसे तो किंमत न बघता देतो.

आता मालाचं ऐका, कारण 'लोकल' हा शब्द मेनूवर जितक्या वेळा होता तितका स्टोअरमध्ये नव्हता. भिवापुरी मिरची, जिला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी टॅग, आहे, जे भिवापूर आपल्याच जिल्ह्यात उमरेडच्या पुढे आहे, ती मिरची या हॉटेलात येत होती मुंबईच्या एका सप्लायरकडून पाकिटात, कुरिअरने! वायगाव हळद, तीसुद्धा जीआयवाली, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली, तीही त्याच पाकिटवाल्याकडून. कारण काय तर तो ४५ दिवसांची उधारी देतो आणि बिल नीट देतो. अकाउंट्सवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कागद पाहिजे. शेतकऱ्याला मात्र माल उतरवला की पैसे पाहिजे, आणि त्याचंही बरोबर आहे, तो कळमन्याच्या बाजार समितीच्या यार्डात नेईल तर तिथे त्याला लगेच मिळतात.

म्हणून किचनच्या नावाने रोज १५,००० ची वेगळी रोकड ठेवली, साधं व्हाउचर, शेतकऱ्याची सही, सातबाऱ्याची एकदाच घेतलेली झेरॉक्स. सीए आधी कुरकुरला, एका माणसाला दिवसाला १०,००० च्या वर रोख दिली तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत म्हणे. पण पिकवणाऱ्याकडून थेट शेतमाल घेतला तर त्याला सूट आहे, हे त्यानेच दोन दिवसांनी शोधून सांगितलं. या एका बदलाने जे झालं ते मेनूच्या दहा मीटिंगांनी झालं नसतं. काटोलचे एक दादा, उमरेडकडच्या दोन बाया, भंडाऱ्याचा मासेवाला, हे लोक सकाळी सातला मागच्या दाराशी यायला लागले आणि जे आलं त्यावर दुपारी बाराला फळ्यावर खडूने मेनू. छापील मेनू १७ पदार्थांचा ठेवला, बाकी फळा.

तांदळाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. शेफ वडाभाताला बासमती वापरत होता, दाणा मोकळा आणि लांब दिसतो म्हणून. वडाभाताला मोकळा दाणा काय कामाचा, वडा कुस्करला की भाताने तेल आणि कढी धरली पाहिजे ना. आम्ही भंडाऱ्याचा चिन्नोर आणला, त्यालाही २०२३ मध्ये जीआय मिळालाय, मऊ आणि वासाचा, आणि साध्या थाळीला एचएमटी. एका पाहुण्याने विचारलं एचएमटी म्हणजे घड्याळवाली कंपनी का, तर नाव खरंच घड्याळावरूनच पडलंय, पण वाण शोधून काढला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी, स्वतःच्या धानाच्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी वर्षानुवर्षं निवडत निवडत. २०१८ मध्ये गेले ते. हे आम्ही मेनूवर छापलं नाही, कारण वाचायला लागलं की निवांतपणा संपतो, पण वाढणाऱ्या पोरांना पाठ करून दिलं, कोणी विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप वाढायचं. आधी प्रत्येक प्लेटसोबत दीड मिनिटाचं भाषण व्हायचं, माणूस घास हातात धरून ऐकून राहिलाय. नागपूरच्या माणसाला सावजी म्हणजे काय हे समजावून सांगणं यासारखा अपमान नाही.

संत्र्याचा घोळ आमचा सगळ्यांचाच. ते जेल काढलं पण मालकांचा हट्ट की नागपूरच्या हॉटेलात संत्रं नाही म्हणजे काय. फेब्रुवारी म्हणजे मृग बहाराची संत्री सुरू, आंबिया बहाराची आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊन गेलेली. काटोलच्या दादांकडून चांगली पिवळीधमक आणली, शेफने सकाळी रस काढला, आटवला, माशावर घालायचं सॉस केलं, दुपारी चाखलं तर मस्त, आणि रात्री आठला एका टेबलवरून प्लेट परत, कडू. मग दुसरी. आम्हाला वाटलं भांडं कळकलं. मीही भांड्यालाच दोष दिला. पण नाही, आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होतच जातो. बी आणि आतल्या पाकळीच्या सालीत एक पदार्थ असतो जो फळात असताना कडू नसतो, पण रस काढल्यावर आंबटात मिसळून हळूहळू लिमोनिन होतो आणि ते कडूजहर, आणि तापवलं की अजून लवकर. म्हणून तर हातगाडीवाला ऑर्डर आली की तुमच्यासमोरच पिळतो, तो काय शो करत नाही. अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिच्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन आणि हे मला त्या रात्री कळलं. मग तापवणं बंद, बिया आणि पाकळीची साल काढून नुसता गर, माशावर वाढताना वरून, बस. साल मात्र पाकात मुरवून ठेवली आणि ती आजही चालून राहिली.

आणि एप्रिल सरला की संत्रं बंद. मे महिन्यात दिल्लीचा पाहुणा म्हणतो नागपुरात येऊन ऑरेंज ज्यूस नाही? नाही. आंब्याचं पन्हं आहे. दोघं-तिघं रुसले. मालकांनी म्हटलं बाहेरून किनो, ती पंजाबकडची संत्र्यासारखी जात, आणू, मी नाही म्हटलं, हा एक वाद मी जिंकलो.

एक वाद सीएने जिंकला. वरच्या मजल्यावर झाडाकडे उघडणारी मोठी खोली मालकांना ८,००० ला लावायची होती, बाकीच्या साडेपाच हजाराच्या आत. तेव्हाचा नियम असा की हॉटेलातल्या एका जरी खोलीचा जाहीर दर ७,५०० च्या वर गेला तर त्याच जागेतल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी, नाहीतर ५ टक्के, फक्त ५ मध्ये इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर आधी भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. (एप्रिल २०२५ पासून जाहीर दराऐवजी आदल्या वर्षात खरंच किती आकारलं ते बघतात.) म्हणजे एका खोलीच्या हजार-दोन हजारासाठी खाली जेवणाऱ्या प्रत्येक नागपूरकराच्या बिलावर १३ टक्के चढणार. आणि आमचा अर्धा माल थेट शेतातून, त्यावर जीएसटीच नाही तर क्रेडिट कशाचं घेणार. खोली ७,२०० ला लागली.

आता लांब रोटी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी, कणीक अगदी सैल भिजवून आपटून आपटून लवचिक करायची, मग हातावरून कोपरापर्यंत झुलवत वाढवायची आणि उलट्या मातीच्या माठावर, खाली लाकडाचा जाळ, एका झटक्यात टाकायची. रुमालासारखी पातळ होते. शेफने दोन आठवडे प्रयत्न केला, कणीक छतापर्यंत गेली. शेवटी इतवारीकडच्या एक काकू मिळाल्या, साठीच्या, लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या. त्यांना शेफचा पांढरा कोट दिला तर म्हणाल्या, "बाह्या जळतीन बापा, मी लुगड्यातच बरी." किचनमध्ये लाकडाचा जाळ शक्य नव्हता, धूर आणि फायरवाल्यांची कटकट, म्हणून चूल मागच्या अंगणात आंब्याखाली मांडली, शुक्र-शनि-रवि संध्याकाळी.

आणि इथे जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. लोक आपापली टेबलं सोडून अंगणात यायला लागले. हातात ग्लास, पोरं चुलीभोवती, काकू दटावून राहिल्या "मागे हो रे, भाजशील", कोणाची तरी आजी त्यांच्याशी कणकेच्या पाण्यावरून वाद घालून राहिली. रोटी माठावरून उतरली की तिथेच घडी करून हातात, मटणाचा रस्सा वाटीत, कोणी उभ्यानेच खाल्ली. आत आम्ही तीन महिने दिवे मंद करून, खुर्च्या बदलून, गाणी बदलून जो निवांतपणा शोधत होतो तो बाहेर धुरात उभा होता. चार आठवड्यांनी शनिवारी फोन करून टेबल ठेवायची वेळ आली. ते चष्मेवाले काका परत आले, यावेळी अकरा जणांना घेऊन, आणि पाटवडी मागितलीच नाही.

मे मात्र वाईट गेला, ते लपवत नाही. ४५ डिग्रीत चुलीपुढे काकूंना बसवणं म्हणजे पाप, अंगण बंद, दुपारचं जेवण बंद करून फक्त रात्रीचं ठेवलं आणि तरी तोटा. फळ्यावर त्या महिन्यात पन्हं, कैरीचं सार, एप्रिलमध्ये वेचून वाळवलेल्या मोहफुलांची खीर. मोहफुलं नीट साफ केली नाहीत तर आतले केसर दाताखाली येतात, पहिल्या दिवशी आलेच. एका डॉक्टरीणबाईंनी दात कोरत विचारलं की यात वाळू आहे का.

जुलैत जंगलाचे कोअर भाग बंद होतात सप्टेंबरअखेरपर्यंत, वाघवाले पाहुणे संपतात, पण तोवर शहरातलं गिऱ्हाईक जमलं होतं आणि पावसाळा फळ्यासाठी सोन्यासारखा. तरोटा ही रानभाजी, वास्ते, आणि सात्या हे रानातले मश्रूम. वास्ते उकळून पाणी फेकावंच लागते, त्यात विषारी घटक असतो, आमच्याकडे दोनदा उकळायचा नियम केला. सात्यांबद्दल मी घाबरट आहे आणि राहणार. रानातला मश्रूम चुकला तर हॉटेल नाही, माणूस जातो. म्हणून फक्त एकाच घराकडून, फक्त सात्या, आणि प्रत्येक नग मुळासकट पाहिजे, कारण वाळवीच्या वारुळातून येणाऱ्या सात्याला खाली लांब शेपटीसारखं मूळ असते. तुटलेला एकही घ्यायचा नाही. शेफ म्हणायचा अर्धा माल परत जातो, मी म्हणायचो जाऊ दे. पूर्ण मोसमात जेमतेम पाच वेळा फळ्यावर लागला आणि पाचही वेळा साडेआठच्या आत संपला, ६०० रुपयाला वाटी.

वर्षअखेरीला फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीतला मालाचा खर्च, ४१ वरून ३३ टक्क्यांवर आली, बहुतेक श्रेय मेनू निम्मा केल्याचं आणि माल वाया जाणं थांबल्याचं. खोलीत न राहणारं, शहरातलं गिऱ्हाईक आधी तीन टेबलांत एक होतं, ते दोनात एक झालं. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढंच चाललं, जेमतेम आठवडा, पण यावेळी मालकांना त्याची फिकीर नव्हती. उलट शनिवारी २१ तारखेला नेहमीच्या लोकांची टेबलं एका पुढाऱ्याच्या माणसांना द्यायला त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून तीनदा विचारलं की काही गडबड तर होणार नाही ना.

सुटलं नाही ते असं. काकूंचा गुडघा गेलाय. तीन संध्याकाळी आता जमत नाही, लांब रोटी फक्त शनिवारी आहे, आणि फळ्यावर तसं लिहिलं तरी लोक शुक्रवारी येऊन तोंड पाडून जातात. आम्ही त्यांच्या सुनेला विचारलं, पगार चांगला सांगितला. सुनेने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मी बारावी केली ते हात भाजायला नाही केली. मला रिसेप्शनला ठेवता का?" मालकांनी तिला रिसेप्शनला ठेवलं, कामाला चांगली आहे. किचनमधला भंडाऱ्याकडचा एक पोरगा शनिवारी काकूंजवळ बसून शिकून राहिला, चौथ्या महिन्यात त्याची रोटी कोपरापर्यंत जाते, पुढे फाटते. मालक गॅसवरच्या लोखंडी घुमटाचं कोटेशन घेऊन आले होते, त्यावर आम्ही दहा रोट्या काढून बघितल्या. काकूंनी एक तोडून चाखली, काही बोलल्या नाहीत, उरलेल्या कुत्र्याला टाकल्या.